कुठली वाईन घेऊ? ठाणे-नवी मुंबईकडून सारखे येणारे प्रश्न

सोसायटीचा ग्रुप, नात्यातला ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सगळीकडून तेच तेच प्रश्न येतात आणि तेही शनिवारी संध्याकाळी दुकानात काउंटरसमोर उभं राहून, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय. किमती अंदाजाने दिल्यात, बाटलीवरची एमआरपी तीच खरी. आवडनिवड माझी आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

१. ताई, मी आयुष्यात कधी वाईन घेतली नाही, पहिली बाटली कुठली घेऊ?

शेनिन ब्लां (वाईनची अशी नावं बहुतेक द्राक्षाच्या जातीवरूनच असतात), थंडगार. दुकानात चेनिन म्हणालात तरी देतील. सुला कंपनीची कुठेही मिळते, फ्रातेल्ली आणि यॉर्कचीही चांगली आहे. पांढरी, हलकी, फळांचा वास, जिभेवर किंचित गोडसर, त्यामुळे पहिल्या घोटाला तोंड वाकडं होत नाही. बहुतेक लोक सुरुवातच लाल वाईनने करतात, पिक्चरमध्ये तीच दिसते म्हणून, आणि मग "कडू आहे, तुरट आहे, आपल्याला नाही जमत" म्हणून कायमची सोडून देतात. लाल नंतर घ्या, पळून जात नाही ती.

२. लाल आणि पांढरीत फरक नक्की काय, नुसता रंगाचा?

रंग आणि तुरटपणा, दोन्ही सालीतून येतात. काळ्या द्राक्षाचा रसही बहुतेक वेळा पांढराच असतो. लाल वाईन करताना रस सालींसकट आंबवतात, पांढरीत साली आधीच काढून टाकतात. सालीतून जो तुरट पदार्थ येतो तो टॅनिन, जेवणाबरोबर कुठली वाईन जमेल ते बरंचसं यावर ठरतं (बघा ७). रोझे म्हणजे सालींबरोबर थोडाच वेळ ठेवलेला रस.

३. हजाराच्या आत, शुक्रवार-शनिवारी घरी प्यायला चांगलं काय मिळेल?

या बजेटमध्ये पांढरी घ्या, हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. कारण असं की पांढऱ्या वाईनला फार लाड लागत नाहीत, द्राक्षं वेळेवर तोडली, टाकी थंड ठेवली, त्याच वर्षी बाटलीत भरली की झालं, त्यामुळे स्वस्तातली पांढरी खरंच ताजी आणि छान असू शकते. लालचं तसं नाही, तिचा तुरटपणा मऊ व्हायला द्राक्ष नीट पिकावं लागतं, ओकच्या पिंपात महिनोन् महिने ठेवावी लागते, आणि हे सगळं पैसे खातं, म्हणून स्वस्तातली लाल बऱ्याचदा एकतर पाणचट नाहीतर घशाला ओरखडणारी निघते.

सुलाची सॉविन्यॉन ब्लां आंबटसर, हिरव्या मिरचीचा आणि ताज्या गवताचा वास येतो, फ्रायवाल्या जेवणाला माझी पहिली पसंती. फ्रातेल्लीची सॉविन्यॉन जरा मवाळ. ग्रोव्हर झांपाच्या आर्ट कलेक्शनमधल्या पांढऱ्याही ठीक आहेत. आणि लालच हवी असेल तर सुलाची सातोरी किंवा शिराझ कॅबर्ने, दोन्ही थोड्या थंड करून (बघा ८), तक्रार येणार नाही. पाचशेच्या आसपासच्या ज्या लाल असतात त्या सांग्रियासाठी घ्या, संत्री-सफरचंद कापून टाका, बर्फ टाका, पाहुणे खूश.

४. मग लग्नाचा वाढदिवस, प्रमोशन, अशा वेळी?

इथे लालवर खर्च करा. हजार ते दीड हजारात सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आणि ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, ही कॅबर्ने आणि शिराझची मिसळलेली आहे. ग्रोव्हर बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, मिशेल रोलां नावाचे फ्रान्सचे प्रसिद्ध वाईन सल्लागार त्यांच्याबरोबर काम करत होते. यॉर्कची आरोस पण याच जातीची, माझ्या मते तिला मिळायला हवं तेवढं कौतुक मिळत नाही. यॉर्क आता सुलाकडेच आहे, २०२१ मध्ये त्यांनी घेतली.

दोन हजारांच्या घरात गेलात तर फ्रातेल्लीची सेत्ते. सांजोवेझे आणि कॅबर्ने, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या बाजूची. उन्हाळ्यात तिकडे काय तापतं ते ज्यांचं गाव तिकडे आहे त्यांना विचारा, आणि तिथे एवढी सुबक वाईन होते! सुलाची रासा शिराझ पण याच रांगेत, जास्त दाट, ओकचा वास जास्त. मला विचाराल तर मटण असेल तर रासा, नुसत्या गप्पा असतील तर सेत्ते.

पांढरीत विशेष काही हवं असेल तर दिंडोरी रिझर्व्ह व्हिओनिए, वास घेतच बसाल.

५. तेवढ्याच पैशात इम्पोर्टेड मिळत असेल तर ती चांगली ना?

नाही, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. बाहेरून येणाऱ्या वाईनवर कस्टम ड्यूटी १५०% चालत आलीये, त्यावर राज्याचा एक्साइज, व्हॅट, मग आणणारा, दुकानदार. म्हणजे तुम्ही दीड हजार देता तेव्हा बाटलीतल्या वाईनची तिकडची किंमत त्यातला छोटासा तुकडा असते. दीड हजाराची परदेशी बाटली म्हणजे तिकडची एकदम साधी, सुपरमार्केटमधली. याउलट महाराष्ट्रात २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून इथल्या वाईनला एक्साइजमध्ये मोठी सवलत मिळाली, नाशिकमध्ये एवढ्या वायनरी उभ्या राहिल्या त्यामागे हे मोठं कारण आहे. त्यामुळे आपण ठाणेकर इथलीच वाईन घेतो तेव्हा पैसा जास्तीत जास्त बाटलीत जातो.

अपवाद दोन. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, तेव्हा पाच डॉलरच्या वरच्या बाटल्यांवर ड्यूटी १००% झाली, पंधरा डॉलरच्या वर ७५%, आणि तेव्हापासून ती टप्प्याटप्प्याने उतरतेय, त्यामुळे ऑस्ट्रेलियन शिराझकडे लक्ष ठेवा. दुसरा अपवाद ड्यूटी फ्री, तो १४ मध्ये.

६. दुकानात बाटली बघून काय कळतं?

पहिलं, वर्ष. पांढरी आणि रोझे जितकी अलीकडची तितकी चांगली. आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे चालू वर्षाची भारतीय पांढरी त्याच वर्षी दुकानात दिसू शकते. तीन वर्षांहून जुनी स्वस्त पांढरी असेल तर परत ठेवा.

दुसरं, दुकान. हे वर्षाहून महत्त्वाचं. दिवसभर उन्हात तापलेल्या शोकेसमधली बाटली कितीही भारी असो, घेऊ नका, उष्णतेने वाईन शिजते आणि मुरांब्यासारखा वास येतो. एसी असलेलं, खप असलेलं दुकान निवडा. वाशीत, नौपाड्यात, घोडबंदर रोडला अशी दुकानं आहेत जिथे वाईनचं वेगळं कपाट असतं, त्यातलीच मागा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्क्रू कॅप बघून नाक मुरडू नका, बहुतेक चांगल्या भारतीय वाईन स्क्रू कॅपमध्येच येतात आणि ताज्या वाईनसाठी ते बरंच आहे.

७. आपल्या जेवणाबरोबर काय जमतं? सगळीकडे चीज आणि स्टेकच लिहिलेलं असतं.

हा माझा आवडता प्रश्न. नियम एकच लक्षात ठेवा, तिखट आणि टॅनिन भांडतात. झणझणीत रश्श्याबरोबर तुरट लाल वाईन घेतली की तिखट दुप्पट लागतं आणि वाईन कडू, वर अल्कोहोल जास्त असेल तर आणखी जाळ. तिखटाला थंड, कमी अल्कोहोलची, थोडी गोडसर वाईन सांभाळते.

रवा लावून तळलेलं पापलेट, सुरमई, बोंबील: सॉविन्यॉन ब्लां, डोळे मिटून. आपण लिंबू पिळतो ना, तेच काम तिची आंबट चव करते. कोथिंबीर वडी, अळूवडी, थालीपीठ, साबुदाणा वडा यांच्याबरोबर शेनिन, आणि पाहुण्यांना थक्क करायचं असेल तर स्पार्कलिंग, तळणाचा तेलकटपणा बुडबुडे धुवून नेतात. नारळाच्या वाटणाचं कालवण असेल तर व्हिओनिए किंवा शेनिन. कोकमाचं आंबट असेल तर वाईन त्याच्याहून आंबट हवी नाहीतर पाणी वाटते, पुन्हा सॉविन्यॉन.

मटण वेगळं. आमच्याकडे ठाण्यात आगरी पद्धतीचं मटण आणि तांदळाची भाकरी म्हणजे सण, आणि त्यातला मसाला भाजलेला, मिरीचा असतो, शिराझला स्वतःलाच मिरीचा वास असतो म्हणून जमतं, फक्त मिरचीचा हात आवरता हवा. कोल्हापुरी तांबड्याबरोबर शिराझ नको, झिनफॅंडेल रोझे चिल्ड करून घ्या. पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र व्हिओनिए सुंदर लागते.

शाकाहारींनी नाराज व्हायचं कारण नाही, भरली वांगी, गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट, हे सगळं हलक्या लाल वाईनला छान पेलतं. वांग्याच्या भरताला धुराचा वास असतो, तिथे ओकमध्ये ठेवलेली शिराझ घेऊन बघा.

पुरणपोळीबरोबर काही नको. वाईन पदार्थाहून गोड नसेल तर आंबट लागते आणि पुरणाहून गोड वाईन शोधणं कठीण. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन छोट्या ३७५ मिलीच्या बाटलीत येते, ती जेवणानंतर अर्धा ग्लास, एकटी. मामलेदार मिसळीबरोबर काय घ्यावं असं विचारणारे पण आहेत, त्यांना उत्तर ताक.

८. फ्रीजमध्ये ठेवायची का? लाल पण?

हो, लाल पण. "लाल वाईन रूम टेंपरेचरला प्या" हे युरोपातल्या गार घरांसाठी आहे, म्हणजे १६ ते १८ डिग्री. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये आपल्या रूमचं टेंपरेचर ३२-३४ असतं, त्यात लाल वाईनमधलं अल्कोहोल नाकात जातं बाकी काही कळत नाही. तास-सव्वा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग काढा. पांढरी ८ ते १० डिग्री, म्हणजे दुपारीच फ्रीजमध्ये टाका आणि प्यायच्या दहा मिनिटं आधी बाहेर. स्पार्कलिंग आणखी थंड.

विसरलात आणि पाहुणे लिफ्टमध्ये आहेत? बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटं. नुसता बर्फ उपयोगाचा नाही, पाणी हवंच. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका.

९. उघडलेली बाटली किती दिवस चालते? आम्ही दोघंच आहोत, एक बाटली संपत नाही.

बूच किंवा कॅप घट्ट लावून फ्रीजमध्ये, पांढरी तीन ते पाच दिवस, लाल तीन-चार दिवस. दमट हवेत ओट्यावर ठेवली तर दुसऱ्या दिवशीच उतरते. आठवड्यातून एखादाच ग्लास घेत असाल तर बाटली घेऊच नका, आता कॅनमध्ये वाईन मिळते (सुलाची दिया, फ्रातेल्लीची टिल्ट), चवीला साधी आहे पण वाया जात नाही. उरलेली लाल मटणाच्या रश्श्यात टाकून बघा, अर्धी वाटी, मटण परतताना.

१०. घरी पाच वर्षांपूर्वी गिफ्ट आलेली बाटली आहे, जुनी वाईन जास्त चांगली ना?

जगातल्या बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत प्यायलाच बनवलेल्या असतात, पांढरी तर नक्कीच. जुनी होऊन सुधारणाऱ्या थोड्याच, आणि त्याही थंड, अंधाऱ्या, एकसारख्या तापमानाच्या जागी. तुमची बाटली शोकेसमध्ये क्रोकरीशेजारी पाच उन्हाळे उभी होती. उघडून वास घ्या, व्हिनेगरचा आला तर सिंकमध्ये. रासा, सेत्ते अशी दणकट लाल असेल तर थोडी आशा आहे.

११. पोर्ट वाईन स्वस्त आणि गोड मिळते, ती घेऊ का?

घ्या, आवडते तर घ्या, कुणी मारत नाही. फक्त माहीत असू दे की खरी पोर्ट पोर्तुगालच्या डूरो खोऱ्यातली, आंबवणं अर्ध्यावर थांबवून त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात म्हणून गोड आणि १९-२० टक्क्यांची कडक असते. आपल्याकडे त्या नावाने मिळते ती बहुतेक साधी गोड लाल वाईन. घरातल्या आजींना नाताळात थोडीशी लागते ती हीच. गोडच आवडत असेल तर एकदा सुलाची रीसलिंग घेऊन बघा, गोडवा आहे पण चिकट नाही, आणि तिखटाबरोबर जमते (बघा ७).

१२. घरी वीस माणसं येणार आहेत, किती बाटल्या आणि कुठल्या?

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास निघतात, स्पार्कलिंगमध्ये सहा धरा. वीसांतले आठ जण घेणारच नाहीत, चार जण बियरवाले, राहिले आठ, माणशी दोन-अडीच ग्लास, म्हणजे चार बाटल्या. त्यात दोन पांढऱ्या, एक लाल, एक रोझे. उन्हाळा असेल तर लाल कमी करा. टोस्टला स्पार्कलिंग हवी असेल तर शँडॉन, दिंडोरीत बनते, फ्रान्सच्या मोएट हेनेसी कंपनीची, किंवा सुलाची ब्रूट, किंवा यॉर्कची स्पार्कलिंग जी किमतीच्या मानाने फार चांगली आहे. ३१ डिसेंबरची खरेदी आठवडाभर आधी करा, त्या दिवशी दुकानात उरतं तेच घ्यावं लागतं.

गृहप्रवेशाला गिफ्ट द्यायची असेल तर आधी त्या घरात चालतं का ते विचारा, नाहीतर बाटली देव्हाऱ्यासमोर तुमच्या हातात आणि काकू बघतायत.

१३. नाशिकला वायनरीत जाऊन घेतली तर स्वस्त पडते का?

फार नाही. पण दुकानात न दिसणाऱ्या बाटल्या मिळतात आणि टेस्टिंगमध्ये पाच-सहा प्रकार चाखून स्वतःची आवड कळते, माझ्या मते वाईनवर खर्च केलेल्या पैशांतले हे सगळ्यात वसूल पैसे. ठाण्याहून कसारा घाटातून किंवा आता समृद्धीवरून आमण्याहून इगतपुरीपर्यंत सुसाट. सुला आणि यॉर्क गंगापूर धरणाच्या बाजूला जवळजवळच, व्हॅलोने इगतपुरीच्या अलीकडच्या-पलीकडच्या भागात कावनईला, छोटी आणि शांत. तोडणीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्च, गेलात तर द्राक्षं वेलीवर दिसतात. परत येताना बाटल्या डिकीत उन्हात ठेवू नका (कारण ६ मध्ये), आणि गाडी कोण चालवणार ते जातानाच ठरवा (१७).

१४. गोव्याहून किंवा परदेशातून आणली तर?

गोव्याहून महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू आणणं बेकायदा आहे, सीमेवर एक्साइजवाले तपासतात, आणि नाशिकची वाईन तिकडून आणण्यात फायदाही नाही. परदेशातून येताना माणशी दोन लिटर वाईन किंवा दारू ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. इम्पोर्टेड प्यायची हौस इथे भागवा.

१५. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, वाईन चालते ना? द्राक्षाचीच असते.

द्राक्षाचीच असते, पण गढूळपणा काढायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन, माशापासून काढलेला एक पदार्थ किंवा दुधातलं केसीन वापरतात. ते गाळून काढलं जातं, तरी पाळणाऱ्याला फरक पडतो. बरेच जण बेंटोनाइट नावाची माती वापरतात, त्यात प्राण्याचं काही नाही. लेबलवर व्हीगन लिहिलेलं बघा, नसेल तर कंपनीला मेल टाका.

१६. लाल वाईन हृदयाला चांगली म्हणतात, रोज एक ग्लास घेऊ? आणि मला डोकं का दुखतं?

औषध म्हणून नका घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. शुगर, बीपी, लिव्हरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. डोकेदुखीचं खापर सगळे सल्फाइटवर फोडतात, पण गोड पांढरीत ते लालपेक्षा जास्तच असतं. आधी रिकाम्या पोटी पिणं बंद करा आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी प्या, तरी दुखलं तर ती वाईन तुमची नाही.

१७. वय, ड्राय डे, गाडी, याचं काय?

महाराष्ट्रात बियर-वाईनसाठी २१, हार्ड लिकरसाठी २५. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर दुकानं बंद, निवडणुकीच्या वेळी बंद, आषाढी आणि विसर्जनाच्या दिवसाचं आधी विचारून ठेवा. गटारीला तर लाइन बघूनच परत याल.

गाडी: रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही मर्यादा, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "एकच ग्लास घेतला होता" हे पाम बीचच्या नाकाबंदीवर चालत नाही. रिक्षा करा.

१८. बुचाला पांढरे खडे लागलेत, काच आहे का? आणि बूच तुटून आत गेलं तर?

खडे काचेचे नाहीत, टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, थंडीत तळाला किंवा बुचाला जमतात, निरुपद्रवी. वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बूच खराब आहे, बिल असेल तर दुकानात परत न्या, चांगला दुकानदार बदलून देतो. रेस्टॉरंटमध्ये तर तिथल्या तिथे परत करा, लाजू नका, सुरुवातीला थोडीशी ओतून दाखवतात ती यासाठीच.

बूच तुटलं तर उरलेलं चमच्याच्या दांड्याने आत ढकला आणि चहाच्या गाळणीतून जगमध्ये ओता. गाळणी आधी धुवा, नाहीतर शिराझला आलं-वेलचीचा वास येईल.